आहुखाना : तापीकाठची शाही बाग

मुक्ताईनगरजवळ चांगदेवास पूर्णा जिला मिळते, त्याच तापीच्या काठाने वर बऱ्हाणपुरापर्यंत गेले, म्हणजे शहरासमोर पैलतीरी, जैनाबादेस, आहुखाना लागतो. ‘आहू’ म्हणजे फारसीत हरीण. खानदेश सुभ्याच्या राजधानीत वास करणाऱ्या मोगल शाहजाद्यांच्या मृगयेसाठी आणि विहारासाठी राखलेले हे उद्यान होते. १६०१ साली असीरगड घेतल्यावर अकबराने हा मुलूख पुत्र दानियाल याच्या हवाली करून त्यास ‘दानदेश’ नाव दिले. पुढे १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात मुमताज महल निवर्तली, तेव्हा तिचे दफन प्रथम ह्याच बागेत झाले. डिसेंबरात पार्थिव आग्र्यास नेण्यात आले.