हवेत पालथे राहण्याचे शास्त्र

विमानातून उडी घेतलेल्या माणसाचा वेग सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि मग वाढायचा थांबतो. पोट जमिनीकडे आणि हातपाय पसरलेले असतील तर दहा-बारा सेकंदांत तो ताशी १९० ते २०० किलोमीटरवर येऊन ठरतो. तोवर त्याने साधारण साडेचारशे मीटर उंची गमावलेली असते. हा त्याचा अंतिम वेग. खाली ओढणारे वजन आणि वर रेटणारा हवेचा विरोध इथे बरोबरीत येतात. चार हजार मीटरवरून उडी मारणाऱ्या नवशिक्याला पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम पाऊण मिनिट मिळते. त्या वेळात त्याच्याकडून फार अपेक्षा नसतात. पालथे राहावे, डोलू नये, आपोआप गरगरू नये आणि ठरल्या उंचीला पॅराशूट उघडावे, एवढेच. पण यातले पालथे राहणेच अनेकांना पहिल्या उड्यांत जड जाते. त्याची कारणे भित्रेपणात शोधण्यापेक्षा भौतिकशास्त्रात आणि मज्जासंस्थेत शोधलेली बरी.

अंतिम वेगाला शरीराचे सगळे वजन हवेने पेललेले असते, त्यामुळे पोटात गोळा येण्याची भावना तिथे उरत नाही. माणूस वाऱ्यावर पालथा टेकलेला असतो. हा वारा किती जोराचा, ते हिशेबाने काढता येते. जमिनीपासून दोन किलोमीटरवरच्या हवेत, या वेगाला, दर चौरस मीटरवर सुमारे १,४०० न्यूटन म्हणजे १४० किलो वजनाइतका रेटा बसतो. उघड्या तळहाताच्या वाट्याला त्यातले दोनेक किलो येतात, गुडघ्याखालच्या एका पायाच्या वाट्याला पाच-सहा किलो. तळहात शरीराच्या मध्यापासून बराच लांब असतो, नडगी त्याहूनही लांब. एवढ्या अंतरावर लागलेला जोर शरीराला सहज कलवतो किंवा फिरवतो. एक तळहात चार बोटे खाली गेला किंवा एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जास्त दुमडला, तर ते त्या माणसाला कळण्याआधी हवेला कळलेले असते.

मग शरीर स्थिर राहते ते कशाच्या जोरावर? आकाराच्या. पानांचा द्रोण गच्चीवरून सोडला तर तो बूड खाली ठेवून बऱ्यापैकी सरळ उतरतो. उपडा सोडला तर वाटेत उलटतो आणि पुन्हा बूड खाली करतो. सपाट पत्रावळ मात्र डुलत, गिरक्या घेत कुठेही जाते. द्रोणाचे जड बूड सर्वांत खाली असते आणि हवेचा विरोध करणारे काठ त्याच्या वर व सभोवती असतात. तो कलला की खाली गेलेल्या काठावर हवेचा रेटा वाढतो आणि तो काठ पुन्हा वर ढकलला जातो. मानवी शरीरातही हेच घडवायचे असते: ओटीपोट सर्वांत खाली, छाती आणि मांड्या त्याच्या वर, हात आणि नडग्या त्याहून वर. मराठीत याला कमान म्हणता येईल. कमान असेल तर गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबकेंद्राच्या खाली राहतो आणि कललेले शरीर स्वतःहून सावरते. कमान गेली की शरीराची पत्रावळ होते. पोट आत ओढून माणूस पुढे वाकला तर बाहेरचा फुगवटा पाठीकडे जातो, आणि हवा त्याला उताणा करून टाकते. उताणी स्थितीही आपल्या परीने स्थिरच असते, म्हणून एकदा उताणे झालेल्या नवशिक्याला नुसत्या धडपडीने पालथे होता येत नाही.

प्रशिक्षणात शिकवली जाणारी स्थिती ठरलेली आहे. कंबरेचा पुढचा भाग जमिनीकडे रेटलेला, हनुवटी वर. दंड खांद्यांच्या रेषेत, कोपरे साधारण काटकोनात, तळहात डोक्याच्या पातळीला. गुडघे खांद्यांइतके फाकलेले, सुमारे ४५ अंशांत दुमडलेले, चवडे ताणलेले. ही स्थिती जमिनीवर चटईवर पालथे पडून कितीही वेळा करून घेतली तरी एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. नवशिका मान आणि पाठीचा वरचा भाग मागे नेतो आणि त्यालाच कमान समजतो. कंबर मात्र घडी घातलेलीच राहते. खरी कमान नितंबांचे स्नायू आवळून कंबरेत धरावी लागते.

हे ज्ञान विमानांच्या मानाने उशिरा आले. लेस्ली अर्व्हिन याने २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मॅकुक फील्ड येथे विमानातून उडी घेतली, काही अंतर मोकळे पडून पॅराशूट हाताने उघडले, आणि मोकळे पडताना माणूस शुद्धीत राहतो हे दाखवून दिले. त्याआधी त्याविषयी गंभीर शंका घेतल्या जात होत्या. पण शुद्धीत राहणे वेगळे आणि ताब्यात राहणे वेगळे. हातपाय पसरून, शरीराला कमान देऊन स्थिर राहण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत लिओ व्हॅलंटँ या फ्रेंच छत्रीधारी सैनिकाने घडवली. आजच्या प्रत्येक शिकाऊ उडीत त्याच्या प्रयोगांचा अंश आहे. तो स्वतः मे १९५६ मध्ये लिव्हरपूल येथील हवाई प्रात्यक्षिकात लाकडी पंख लावून उडी घेताना मरण पावला.

पहिली अडचण दारातच येते. उडीच्या वेळी विमान साधारण ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते. बाहेर पडणाऱ्या शरीराकडेही तोच वेग असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी वारा खालून येत नाही. विमान ज्या दिशेने चालले आहे त्या दिशेकडून, समोरून येतो. पुढच्या दहाएक सेकंदांत शरीराचा मार्ग खाली वळत जातो आणि त्याबरोबर वाऱ्याची दिशाही वळत वळत खालून येऊ लागते. म्हणून दारातून निघताना पोट जमिनीकडे न करता त्या वाऱ्याकडे करावे लागते. नवशिक्याचे डोळे मात्र जमिनीवर खिळलेले असतात. तो खाली बघतो, हनुवटी छातीला लागते, कमान मोडते, आणि समोरचा वारा त्याला डोक्यावरून उलटवतो. शिवाय त्या उंचीवरच्या विरळ हवेत, त्या वेगाला, हवेचा रेटा अंतिम वेगाच्या वेळेपेक्षा जवळजवळ निम्मा असतो. हातपायांच्या हालचालींना उत्तर मिळते, पण उशिरा आणि मवाळ. ते मिळत नाही असे वाटून नवशिका हालचाली वाढवतो आणि आणखी बिघडवून ठेवतो.

यात माणसाची उपजत प्रतिक्रिया आड येते. पडण्याची जाणीव होताच शरीर आकसते: खांदे वर, हात पुढे, गुडघे पोटाशी. जमिनीवर पडताना ही प्रतिक्रिया डोके आणि पोट वाचवते. आकाशात तीच द्रोण उपडा करते. तिथे छाती आणि पोट, शरीराचे सर्वांत नाजूक भाग, येणाऱ्या वाऱ्यापुढे उघडे ठेवायचे असतात. हे बुद्धीला पटते, पण प्रतिक्षिप्त क्रिया पटण्याची वाट पाहत नाहीत.

पायांची गोष्ट वेगळी. हात डोळ्यांना दिसतात, पाय दिसत नाहीत. पाय कुठे आहेत हे मेंदूला स्नायू आणि सांध्यांकडून येणाऱ्या संदेशांवरून कळते, आणि रोजच्या जगण्यात त्याला तळव्यांखालच्या जमिनीची जोड असते. वाऱ्यात ती जोड तुटते. नडग्यांवर वारा जाणवायला हवा, पण सर्वांगावर वारा आदळत असताना नवशिक्याला तेवढाच वेगळा ओळखता येत नाही. बहुतेकांचे पाय नकळत मागे, नितंबांकडे दुमडले जातात. मागच्या बाजूचा विरोध कमी होतो, डोके वर उचलले जाते आणि शरीर मागे सरकू लागते. त्याला स्वतःला मात्र आपण जागेवरच आहोत असे वाटते. म्हणूनच सोबत उडणारा प्रशिक्षक पसरलेली दोन बोटे त्याच्या डोळ्यांसमोर धरतो. अर्थ: पाय लांब कर. शिकाऊ उड्यांमध्ये हा इशारा वरचेवर करावा लागतो.

दोन्ही पाय सारखेच चुकले तर शरीर पुढे-मागे सरकते, पण वेगवेगळे चुकले तर फिरू लागते. वळण घेण्याचे तंत्र मुळात हेच आहे. एक हात किंचित खाली गेला, एक गुडघा खाली झुकला, की हवा एका बाजूला वळवली जाते आणि शरीर उलट प्रतिक्रियेने फिरते. अनुभवी उडीबाज हे हेतुपुरस्सर करतो आणि वेळीच थांबवतो. नवशिक्याच्या बाबतीत चूक तशीच टिकून राहते, म्हणून फिरवणारा जोरही टिकून राहतो आणि गती वाढतच जाते.

डोलण्याचे कारण आणखी रंजक आहे. ताठरलेले शरीर एका बाजूने वर उचलले जाते, मग दुसऱ्या बाजूने, आणि हे वाढत जाते. कललेले जाणवल्यावर स्नायू हालेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. तेवढ्यात शरीर स्वतःहून परतू लागलेले असते, आणि उशिरा आलेली दुरुस्ती त्या परतीला आणखी धक्का देते. डोलणे थांबवण्याच्या प्रयत्नानेच डोलणे पोसले जाते. वैमानिकांच्या हातून विमानही असेच हेलकावू शकते आणि विमानशास्त्रात हा दोष चांगलाच परिचित आहे. उपाय दोन्हीकडे जवळपास एकच: दुरुस्त्या थांबवणे. हात सैल असतील तर वाऱ्याच्या झटक्याला ते थोडे मागे जातात, झटका तिथेच जिरतो. कंबर घट्ट आणि हातपाय सैल, ही जोडी जमली की बाकीचे काम हवा करते. स्थिरता ताकदीने येत नाही, हे शिकायला धष्टपुष्ट माणसांना अनेकदा जास्त वेळ लागतो. प्रशिक्षक समोर येऊन हात सैल हलवून दाखवतो, तेव्हा तो हेच सांगत असतो.

गिरकी किती भयंकर होऊ शकते हे विरळ हवेतल्या उड्यांनी दाखवले. अमेरिकी हवाई दलाचा जोसेफ किटिंगर १६ नोव्हेंबर १९५९ रोजी सुमारे २३,३०० मीटरवरून फुग्यातून उडाला. शरीर स्थिर ठेवण्यासाठी दिलेले छोटे पॅराशूट वेळेआधी सुटून त्याच्या मानेभोवती गुंडाळले गेले. तो मिनिटाला सुमारे १२० फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागला आणि बेशुद्ध पडला. आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने त्याला वाचवले. १६ ऑगस्ट १९६० रोजी तोच माणूस ३१ किलोमीटरहून अधिक उंचीवरून पुन्हा उडाला, आणि या वेळी छोट्या पॅराशूटने आपले काम चोख केले. फेलिक्स बाउमगार्टनर १४ ऑक्टोबर २०१२ रोजी सुमारे ३९ किलोमीटरवरून झेपावला तेव्हा तोही गरगरला, आणि हवा दाट होऊ लागल्यावरच सावरला. वर त्याच्या हातपायांना रेटायला हवाच पुरेशी नव्हती.

नेहमीच्या उंचीवर हवा भरपूर असते, त्यामुळे सावरण्याचा क्रम सोपा आहे: उंची पाहा, कमान घ्या, पाय लांब करा, सैल व्हा. पाच सेकंदांत स्थिरता परत आली नाही तर आणखी झटापट न करता पॅराशूट उघडायचे, असे शिकवतात. अस्थिर स्थितीत पॅराशूट उघडण्यात धोका आहे. फिरताना उघडले तर दोऱ्यांना पीळ बसतो, उताणे असताना उघडले तर ते शरीराला घासून वर जाते आणि हातापायांत अडकू शकते. तरीही उंची हातची घालवण्यापेक्षा तो धोका लहान. याचसाठी शिकाऊंच्या पहिल्या उड्यांत पॅराशूट १,६०० मीटरच्या आसपासच उघडवले जाते, आणि पाठीवरच्या संचात राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे उपकरण असते. १९९१ पासून मिळू लागलेले सायप्रेस हे जर्मन उपकरण यांपैकी सर्वांत प्रसिद्ध.

स्वतः पॅराशूट उघडणे ही नवशिक्याची सर्वांत कठीण हालचाल. ते उघडण्याची मूठ पाठीवरच्या संचाच्या तळाशी, उजव्या नितंबाजवळ असते. उजवा हात तिथे गेला की त्या बाजूचा आधार निघून जातो. डावा हात तसाच राहिला तर शरीर तत्क्षणी कलते. म्हणून उजवा हात मागे जाताना डावा हात डोक्यासमोर आणायचा, दोन्ही एकाच लयीत. डाव्या मनगटावरचा उंचीमापक पाहतानाही हीच काळजी: हात चेहऱ्याशी आणायचा नाही, मान वळवायची.

कपड्यांचाही हिशेब असतो. फडफडणारे सैल कापड एका बाजूला गोळा झाले की फिरवणारा जोर तयार होतो, म्हणून शिकाऊंचे पोशाख दोन्हीकडे सारखे आणि अंगाला बेताचे असतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून उडी घेतली. एवढ्या लांबीचे वस्त्र वाऱ्यात सांभाळून स्थिर राहणे किती कौशल्याचे काम आहे, हे हवेचा हिशेब कळल्यावर नीट उमगते.

१९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या शिक्षणपद्धतीत पहिल्या उड्यांमध्ये दोन प्रशिक्षक दोन बाजूंनी नवशिक्याला धरून उडतात. मग एकच राहतो, मग हात सोडतो. अलीकडे यात वाऱ्याच्या उभ्या बोगद्याची भर पडली आहे. खालून वर अंतिम वेगाइतका वारा सोडलेल्या नळीत माणूस तरंगत राहतो. कल्पना मात्र जुनी आहे: अमेरिकेतील राइट-पॅटरसन हवाई तळावर १९६४ मध्येच जॅक टिफनी नावाचा माणूस असा तरंगला होता. भारतीय लष्कराने हिमाचल प्रदेशातील बकलोह येथील विशेष दलांच्या प्रशिक्षण शाळेत २०२४ मध्ये असा बोगदा उभारला. एका उडीत मिळणाऱ्या पाऊण मिनिटाऐवजी इथे मिनिटांमागून मिनिटे सराव होतो, प्रशिक्षक हाताने पाय धरून सरळ करू शकतो, चूक तिथल्या तिथे दिसते. विमानाच्या दारातला समोरून येणारा वारा, पाठीवरच्या संचाचे ओझे आणि उंचीमापकाचा सरकणारा काटा मात्र बोगद्यात नसतो. तो भाग आकाशातच शिकावा लागतो.