मोटारीची बॅटरी वारंवार उतरण्याची कारणे व त्यांचे निदान : कोल्हार परिसराच्या संदर्भात

सारांश : मोटारीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरू लागली की ती बदलणे हाच उपाय समजला जातो. परंतु बॅटरी उतरणे हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. दोष बॅटरीत असू शकतो, तिला भारित करणाऱ्या यंत्रणेत असू शकतो किंवा गाडी उभी असताना होणाऱ्या विद्युत गळतीत असू शकतो. हे तीन दोष क्रमाने वेगळे कसे ओळखावेत याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : शिसे-आम्ल बॅटरी, अल्टरनेटर, विद्युत गळती, सल्फेटीकरण, निदान.

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोल्हार हे प्रवरा नदीकाठी, नगर-मनमाड महामार्गावर वसलेले बाजाराचे गाव आहे. भगवतीदेवीच्या मंदिरामुळे ते भाविकांना परिचित आहे. शिर्डीला जाणारी वाहनेही याच मार्गाने जातात. जवळच लोणी येथे १९५० साली सुरू झालेला प्रवरा सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे या परिसरात घरगुती मोटारी, भाड्याच्या प्रवासी गाड्या, ऊस वाहणारे ट्रॅक्टर व मालट्रक अशी सर्व प्रकारची वाहने आढळतात. या सर्वांत एक घटक समान आहे, तो म्हणजे शिसे-आम्ल बॅटरी.

रात्री-अपरात्री रुग्णाला दवाखान्यात न्यावयाचे असताना सेल्फ मारावा आणि केवळ 'टक्' असा आवाज यावा, हा अनुभव ग्रामीण कुटुंबास नवा नाही. शेजाऱ्यांनी धक्का मारून गाडी सुरू होते, दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसविली जाते आणि काही आठवड्यांनी तीही उतरते. काही हजार रुपयांचा हा खर्च निदानाअभावी व्यर्थ जातो आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो.

लेखाची उद्दिष्टे

१) बॅटरीचे कार्य सामान्य वाहनधारकास समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) बॅटरी वारंवार उतरण्याच्या कारणांचे वर्गीकरण करणे.
३) साध्या साधनांनी करता येणारी क्रमबद्ध तपासणी मांडणे.
४) स्थानिक हवामान व वाहनवापर यांचा बॅटरीवरील परिणाम विशद करणे.

बॅटरीची रचना व कार्य

पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी १८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लान्टे यांनी तयार केली. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला आणि इंजिन सुरू करण्यासाठी हाताने हँडल फिरविण्याचे कष्ट हळूहळू संपले. तेव्हापासून बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग बनला.

मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भारित बॅटरीचा विद्युतदाब १२.६ व्होल्टच्या आसपास भरतो. घटातील एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची असते आणि दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. भारित करताना ही क्रिया उलट होते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. यालाच सल्फेटीकरण म्हणतात. म्हणजेच बॅटरी एकदा पूर्ण उतरणे ही केवळ गैरसोय नसून तिचे आयुष्य घटविणारी घटना आहे.

जमा-खर्चाचा विचार

बॅटरीची तुलना धान्याच्या कणगीशी करता येईल. कणगी वारंवार रिकामी होत असेल तर तीन शक्यता असतात : कणगीच फुटकी आहे, तीत पुरेसे धान्य पडत नाही किंवा घुशी ते नेत आहेत. मोटारीच्या बाबतीत फुटकी कणगी म्हणजे सदोष बॅटरी, अपुरे धान्य म्हणजे अल्टरनेटर, त्याचा पट्टा वा जोडण्या यांतील दोष आणि घुशी म्हणजे गाडी बंद असताना होणारी विद्युत गळती. पहिला दोष वगळता अन्य दोन प्रकारांत नवी बॅटरी बसविणे म्हणजे घुशी न पकडता नवी कणगी आणण्यासारखे आहे.

इंजिन सुरू करण्यातच बॅटरी संपते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो आकडेमोडीने तपासता येतो. स्टार्टरने ३ सेकंद १५० अँपिअर प्रवाह घेतला असे मानल्यास खर्च ४५० अँपिअर-सेकंद, म्हणजे केवळ ०.१२५ अँपिअर-तास होतो. ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीच्या दृष्टीने हा खर्च नगण्य आहे. याउलट डिकीत जळत राहिलेला ५ वॅटचा लहानसा दिवा सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो आणि २४ तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास खर्च करतो. तीन-साडेतीन दिवसांत तीच बॅटरी रिकामी होते. मोठा परंतु क्षणिक खर्च बॅटरी सहन करते. लहान परंतु अखंड खर्च तिला संपवितो.

निदानाची क्रमबद्ध पद्धती

या तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीसाठी हायड्रोमीटरही उपयुक्त ठरतो.

१) बाह्य निरीक्षण : प्रथम टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी वा हिरवट भुकटी जमली असल्यास, अथवा पकड हाताने हलत असल्यास, बॅटरी उत्तम असूनही स्टार्टरपर्यंत प्रवाह पोहोचत नाही. ऋण केबल आधी काढून मग धन केबल काढावी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल स्वच्छ करून ते कोरडे करावेत व घट्ट बसवावेत. त्या वेळी सोड्याचे पाणी घटात जाणार नाही याची काळजी घ्यावी. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली ओलसर धूळही दोन टर्मिनलांमध्ये अल्प प्रवाह वाहू देते. ती पुसून घ्यावी. अल्टरनेटरचा पट्टा सैल वा चिरलेला नाही, हेही याच वेळी पाहावे.

२) विश्रांत विद्युतदाब : गाडी काही तास उभी राहिल्यानंतर टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. १२.६ व्होल्ट वा अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भारित, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास पाव. भारित करूनही दाब १०.५ व्होल्टच्या आसपासच राहत असेल, तर सहांपैकी एक घट निकामी झाल्याचा दाट संशय घ्यावा.

३) भार चाचणी : केवळ विश्रांत दाबावर विसंबू नये. जुनी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवूनही भार पडताच कोसळू शकते. बॅटरी पूर्ण भारित करून, सहकाऱ्याला सेल्फ मारण्यास सांगून त्या वेळचा दाब पाहावा. तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी क्षीण झाली आहे असे समजावे. मात्र स्टार्टर स्वतः सदोष असून अवाजवी प्रवाह घेत नाही याचीही खात्री करावी. हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. पूर्ण भारित घटात ते सुमारे १.२५ किंवा त्याहून किंचित अधिक असते. एखाद्या घटाचे मान इतरांपेक्षा ०.०५० ने कमी आढळल्यास तो घट सदोष मानावा.

४) भारण यंत्रणेची तपासणी : इंजिन चालू करून दाब मोजावा. बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. नंतर हेडलाइट, पंखा व वातानुकूलन सुरू करून इंजिनची गती थोडी वाढवावी. दाब १३ व्होल्टच्या खाली राहिल्यास अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडण्या दोषी असतात. दाब १५ व्होल्टच्या पुढे जात असेल तर नियामक बिघडला आहे. अशा स्थितीत आम्लातील पाणी झपाट्याने आटते व बॅटरी तापते. अलीकडील काही गाड्यांत संगणक गरजेनुसार हा दाब कमी-अधिक करतो. अशा गाडीत एकाच वाचनावरून निष्कर्ष काढू नये.

या चाचणीसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. 'गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनामो चांगला' असा तीमागील तर्क असतो. जुन्या गाड्यांत ते खपून जात असे. परंतु केबल निघताच विद्युतदाब क्षणार्धात उसळतो आणि आधुनिक गाडीतील महागडी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे त्याने जळू शकतात. ही पद्धत सर्वथा टाळावी.

५) गळतीची तपासणी : बॅटरी व अल्टरनेटर दोन्ही निर्दोष ठरले तर गळती शोधावी. सर्व दिवे व उपकरणे बंद करून मल्टिमीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर ठेवावा. बॅटरीची ऋण केबल सोडवून मीटर ऋण टर्मिनल व केबल यांच्या मध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. अन्यथा मीटरचा फ्यूज जळतो. गाडीतील नियंत्रणे निद्रिस्त होण्यास वीस मिनिटे ते तासभर लागू शकतो, तेवढा वेळ थांबूनच वाचन घ्यावे. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह घड्याळ व नियंत्रणांच्या स्मृतीसाठी लागतो. तो स्वाभाविक होय. वाचन त्याहून बरेच अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसह वाचन एकदम खाली येते, त्या शाखेत दोष असतो. सर्व फ्यूज तपासूनही गळती सापडली नाही तर अल्टरनेटरमधील डायोड तपासावेत. डायोड निकामी झाल्यास त्यातून प्रवाह उलट दिशेने वाहतो. अल्टरनेटर इंजिन चालू असताना वीज देतो आणि बंद असताना तीच काढून घेतो, असा हा फसवा दोष आहे.

एक गृहीत उदाहरण घेऊ. एखाद्या गाडीत २५० मिलिअँपिअर गळती आहे. रोजचा खर्च ६ अँपिअर-तास होतो. गाडी रोज दूरवर जात असेल तर ही तूट भरून निघते व दोष लक्षात येत नाही. तीच गाडी चार दिवस उभी राहिली की २४ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सेल्फ फिरवू शकत नाही. 'गाडी रोज चालविली तर ठीक, सुट्टीनंतर बंद' हे गळतीचे ओळखीचे लक्षण आहे.

कोल्हार परिसराचा विशेष संदर्भ

पहिली बाब उष्णतेची. या भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि बॉनेटखाली ते त्याहून पुष्कळ अधिक असते. तापमान १० अंशांनी वाढल्यास रासायनिक क्रियांचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. त्यामुळे पाणी आटणे, पट्ट्या गंजणे व स्वयंविसर्जन या साऱ्यांना गती मिळते. हिवाळ्यातील थंड पहाटे इंजिनातील तेल घट्ट झालेले असते व बॅटरीची शक्तीही घटते. त्यामुळे उन्हाळ्यात झालेली हानी बहुधा हिवाळ्यात उघड होते आणि दोष मात्र थंडीला दिला जातो.

दुसरी बाब वापराच्या पद्धतीची. कोल्हार-लोणीसारख्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत, दिवे व वातानुकूलन चालू असताना, उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही. धक्का मारून सुरू केलेली गाडी अर्धा तास चालविली म्हणजे बॅटरी भरली, हा समजही चुकीचा आहे. बॅटरी भरत जाईल तसा तिचा प्रवाह स्वीकारण्याचा वेग मंदावतो. पूर्ण भारणास कित्येक तास लागतात. अशा वेळी बाह्य चार्जरचा उपयोग करणे श्रेयस्कर ठरते.

तिसरी बाब ऊसहंगामाची. कारखान्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन बंद असते, मात्र टेप व जादा दिवे चालू असतात. हंगाम संपल्यावर काही ट्रॅक्टर दीर्घकाळ उभे राहतात. दोन्ही परिस्थिती सल्फेटीकरणास पोषक आहेत. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनाची ऋण केबल सोडून ठेवावी व बॅटरी महिन्यातून एकदा भारित करावी.

चौथी बाब जादा उपकरणांची. प्रवासी गाड्यांतील जीपीएस यंत्र, कॅमेरा, ध्वनियंत्रणा ही उपकरणे पुष्कळदा थेट बॅटरीला जोडलेली असतात. चावी काढल्यानंतरही ती प्रवाह घेत राहतात. गळतीचा शोध घेताना नंतर बसविलेली उपकरणे प्रथम तपासणे कालबचतीचे ठरते.

घ्यावयाची दक्षता

भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो; तिच्याजवळ बिडी, काडी वा ठिणगी येऊ देऊ नये. घटातील पातळी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते घालू नये. आम्लही घालू नये, कारण आटते ते पाणी, आम्ल नव्हे. जंपर केबल लावताना शेवटची ऋण जोडणी उतरलेल्या बॅटरीच्या टर्मिनलला न करता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला करावी. निकामी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे माती व पाणी दूषित करते आणि लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष घातक असते.

निष्कर्ष

१) बॅटरी वारंवार उतरण्याचे कारण बॅटरीच असेल असे नाही, भारण यंत्रणा व विद्युत गळती यांची तपासणी केल्याशिवाय बॅटरी बदलू नये.
२) निरीक्षण, विश्रांत दाब, भार चाचणी, भारण चाचणी व गळती चाचणी हा क्रम पाळल्यास दोषाचे स्थान बहुधा निश्चित होते.
३) अल्प पण अखंड गळती ही इंजिन सुरू करण्याच्या क्षणिक खर्चापेक्षा अधिक हानिकारक असते.
४) उष्णता, थोड्या अंतराच्या फेऱ्या व हंगामी वापर यांमुळे कोल्हारसारख्या परिसरात नियमित तपासणीस विशेष महत्त्व आहे.

समारोप

मल्टिमीटरची किंमत नव्या बॅटरीच्या किमतीच्या मानाने अल्प आहे आणि त्याचा उपयोग शालेय विज्ञानाच्या आधारे कोणासही शिकता येतो. वाहनधारक व गॅरेजमधील कारागीर या दोघांनीही 'बदलून पाहू' याऐवजी 'मोजून पाहू' हा दृष्टिकोन स्वीकारल्यास पैशाचा अपव्यय टळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अडचणीच्या रात्री दारातली गाडी पहिल्या सेल्फला सुरू होईल.