पार्किंग आणि पावसाचे पाणी : सरोजिनी नगरचे उदाहरण

दिल्लीचे सरोजिनी नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत; तिथला कपड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. वसाहतीच्या पुनर्विकासात घरांबरोबर व्यापारी जागाही आहेत. त्यासाठीच्या वृक्षतोडीला २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती. अशा प्रकल्पात झाडांखालच्या जमिनीचे काय होते, हे आपण पाहू.

२००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठीच्या कागदपत्रांत पार्किंग आणि पर्जन्यजल हे मुद्दे वेगळे असतात. तुम्ही ते एकत्र वाचा.

समजा, एक हेक्टर जमिनीवर ५० मिमी पाऊस पडला.

एकूण पाणी = १०,००० × ०.०५ = ५०० घनमीटर

वाहून जाणारा वाटा बागेत ०.२ धरला, तर १०० घनमीटर पाणी वाहते. डांबरी पार्किंगवर ०.९ धरला, तर ४५०. जादा ३५० घनमीटर, म्हणजे साडेतीन लाख लिटर पाणी नाल्यावर येते.

पार्किंग तळघरात नेले तर? वर हिरवळ दिसते, पण खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. पाणी भूजलापर्यंत मुरत नाही. म्हणून नकाशात आधी तळघराची हद्द शोधा. तिच्याबाहेर उरलेली मोकळी माती हीच खरी पाणी मुरवणारी जमीन.

स्वाध्याय : तुमच्या गावातील एखाद्या बाजारपेठेच्या वाहनतळासाठी हेच गणित करा.