पेरणीआधीचं दुकान

महाराष्ट्रात रोहिणीत रान तयार आणि मृगात पेरणी, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. मृगाचा पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात आणि दहा-पंधरा दिवसांत हंगामाचा निम्मा धंदा होऊन जातो. बंगळूरच्या उत्तरेला, दोड्डबळ्ळापूर-देवनहळ्ळीच्या पट्ट्यात नक्षत्रं तीच, पण गणित वेगळं. इथं मे महिन्यात वळीव बऱ्यापैकी होतो, जून-जुलैत पाऊस थांबत-अडखळत पडतो आणि वर्षातला मोठा पाऊस येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून इथलं मुख्य पीक असलेली नाचणी बहुतेक जण जुलैत पेरतात, कधी ऑगस्टातही. पीक निसवताना आणि दाणा भरताना सप्टेंबरचा पाऊस मिळावा, हा त्यामागचा हिशोब.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही सोय आहे. बियाणं-खतांच्या दुकानदाराच्या दृष्टीनं मात्र हा लांबलेला जागता पहारा. पेरणी कोणत्या आठवड्यात होईल हे माहीत नाही, आणि पेरणीचा आठवडा बदलला की लागणारा मालही बदलतो. दोड्डबळ्ळापूरजवळच्या अशाच एका दुकानात मी एप्रिल-मे महिन्यांत बराच वेळ घालवला. मालकाला सगळे ‘अण्णा’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. दुकानाचं अर्धं काम त्यांच्या पत्नी पाहतात. त्या सगळ्यांच्या ‘अक्का’.

तयारी सुरू होते ती युगादीनंतर, म्हणजे आपल्या गुढीपाडव्यापासून. पहिलं काम गोदाम रिकामं करण्याचं. पोत्यांच्या थप्प्या उतरवायच्या, खालच्या लाकडी फळ्या उन्हात टाकायच्या, भिंतींना ओल आली आहे का ते हात लावून पाहायचं. नव्या थप्प्या भिंतीपासून फूटभर सोडून लावायच्या. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. मे महिन्यातल्या एका वळवानं आणि उघड्या राहिलेल्या खिडकीनं त्याचे दगड व्हायला वेळ लागत नाही. बियाण्याची खोली वेगळी, खतांची वेगळी आणि तणनाशकांचं कपाट तर दुसऱ्याच टोकाला. काही तणनाशकांच्या वाफेनंही बियाण्याची उगवण बिघडते. “बी श्वास घेतंय,” असं अण्णा नव्या पोराला समजावत होते, तेव्हा ते त्याला अक्षरशः खरी गोष्ट सांगत होते.

बियाण्यातला ओलावा एका टक्क्यानं उतरवला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्रातला एक जुना ठोकताळा आहे. नाचणीच्या प्रमाणित बियाण्यात ओलावा बारा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि उगवण किमान पंच्याहत्तर टक्के लागते. पिशवीवरच्या निळ्या टॅगवर चाचणीची तारीख असते आणि त्या तारखेपासून नऊ महिने बियाणं वैध धरतात. अण्णा प्रत्येक लॉटचा टॅग वाचून तारीख वहीत उतरवतात. मुदत जवळ आलेल्या पिशव्या वेगळ्या काढून कंपनीकडे परत पाठवतात. पण ते टॅगवर थांबत नाहीत, आणि मला तिथं रोखून धरलं ते याच कामानं.

दुकानामागच्या पडवीत अक्का धुतलेलं गोणपाट अंथरतात, पाणी शिंपडून ओलं करतात आणि हातानं पिळून घेतात. थेंब निथळता कामा नये, जास्त पाण्यानं बी कुजतं. मग एका लॉटमधल्या तीन-चार पिशव्यांतून चिमूट-चिमूट नाचणी काढून ताटलीत मिसळायची आणि त्यातले शंभर दाणे मोजायचे. नाचणीचा दाणा मोहरीपेक्षाही लहान, हजार दाण्यांचं वजन तीन ग्रॅमच्या आत. अक्का पोस्टकार्डाच्या कडेनं दाणे पुढे सरकवत दहा-दहाच्या दहा ओळी लावतात. फुटका दाणा दिसला तरी बाजूला काढत नाहीत, कारण शेतकऱ्याच्या पाभरीत तोही जाणारच असतो. वर दुसरं ओलं गोणपाट, मग हलक्या हातानं गुंडाळी, सुतळीनं सैल बांधायची, लॉट नंबरची चिठ्ठी अडकवायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा हबका. प्रयोगशाळेत हीच चाचणी चारशे दाण्यांवर करतात आणि नाचणीची मोजणी चौथ्या आणि आठव्या दिवशी होते. अक्काही तेच दिवस पाळतात.

आठव्या दिवशी गुंडाळी उलगडली. पांढऱ्या मुळ्या गोणपाटाच्या धाग्यांत अडकलेल्या, कोंब वर वळलेले. अक्का निरोगी कोंब एका बाजूला, वाकडे-तुटके दुसऱ्या बाजूला घेत गेल्या. नुसतं फुटलेलं बी त्या मोजत नाहीत. मूळ आणि कोंब दोन्ही धड हवेत. एका लॉटचे शहाऐंशी निघाले. दुसऱ्याचे साठ. दुसऱ्याच्या टॅगवर सगळं ठीक होतं, पण कुठल्या तरी ट्रकमध्ये किंवा कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये ते बियाणं तापलं असणार. अण्णांनी तो लॉट विकायचा नाही असं ठरवलं आणि थप्पीवर खडूनं फुली मारली. पंच्याहत्तर टक्क्यांच्या हिशोबानं एकरी पाच किलो बियाणं लागत असेल, तर साठ टक्क्यांचं सव्वासहा किलो पेरावं लागतं. एवढं साधं त्रैराशिक. पण ते पेरणीआधी मांडलं तर दुरुस्ती होते, पेरणीनंतर मांडलं तर नुसता पंचनामा.

२०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे मराठी शेतकऱ्याला मी सांगायला नको. कृषी विभागाची मंडळी दर मे महिन्यात घरगुती उगवण चाचणीची प्रात्यक्षिकं करतात, ती याचसाठी. ही चाचणी दुकानदारानं स्वतःहून करावी, अशी सक्ती नाही. अण्णा-अक्का करतात आणि मला ते या सगळ्या साखळीतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

उगवणीइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाणाचा. पाऊस जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला जमला तर एमआर-६ सारखे एकशेवीस दिवसांवर जाणारे उशिराचे वाण पेरता येतात, उत्पन्नही जास्त देतात. जुलै सरत आला तर जीपीयू-२८ किंवा एमएल-३६५ असे एकशेदहा दिवसांच्या आसपासचे मध्यम वाण. ऑगस्टात गेलं तर जीपीयू-४८ सारखा शंभर दिवसांच्या आत-बाहेर येणारा हळवा वाण. हे वाण बंगळूर कृषी विद्यापीठाच्या संशोधनातून आले. हेब्बाळच्या ज्या जमिनीवर या विद्यापीठाची परंपरा सुरू झाली, तिथं १८९९ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. नाचणीचा इथला नावाजलेला संशोधक म्हणजे लक्ष्मणय्या. भारतीय आणि आफ्रिकी वाणांचा संकर करून त्यांनी ‘इंडाफ’ मालिका काढली आणि कोरडवाहू नाचणीचं उत्पन्न कुठल्या कुठं नेलं. लोक त्यांना ‘रागी ब्रह्म’ म्हणतात.

विद्यापीठानं तीन तऱ्हेचे वाण दिले तरी ते तिन्ही योग्य आठवड्यात गावात असायला हवेत. सरकारी अनुदानाचं बियाणं होबळीच्या रैत संपर्क केंद्रातून मिळतं. होबळी म्हणजे तालुक्याखालचा गावांचा गट, आपल्या महसूल मंडळासारखा. केंद्रात कोणता वाण येणार याचा अंदाज घेऊन अण्णा आपली मागणी लावतात. उशिराचा वाण जास्त मागवला आणि पाऊस लांबला, तर माल पडून राहतो. हळवा वाण मागवलाच नाही, तर ऑगस्टात हताश होऊन आलेल्या शेतकऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागतं. म्हणून हळव्या वाणाच्या थोड्या पिशव्या ते दर वर्षी ठेवतातच. बऱ्याच वर्षी त्या विकल्या जात नाहीत. शिवाय भुईमूग आणि तूर नाचणीच्या आधी जातात. भुईमुगाचं बियाणं शेंगांतच ठेवावं लागतं, फोडलेला दाणा फार दिवस टिकत नाही. नाचणीच्या शेतात अधूनमधून ओळीनं पेरायला पावटा, तूर, एरंडी, मोहरी लागते. या मिश्र पेरणीला इथं ‘अक्कडी सालु’ म्हणतात. पाव-पाव किलोच्या या पुड्या अक्का स्वतः बांधतात. नफा नगण्य, पण गिऱ्हाईक पावट्यासाठी दुसऱ्या दुकानात गेलं तर नाचणीही तिथूनच घेणार.

खतांची गोष्ट निराळी. त्यांचा दिवस रेल्वे ठरवते. रेक लागली असा निरोप येतो आणि मग ट्रक कधी पोचेल याची वाट. डीएपीसाठी लागणारा फॉस्फेटचा दगड मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून येतो. तिकडच्या समुद्रात काही बिनसलं की त्याची झळ होबळीच्या दुकानापर्यंत पोचते. ट्रक आला की हमाल पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन धावत्या चालीनं आत जातात, अण्णा दारात उभे राहून पोती मोजतात. मग माल यंत्रावर चढवायचा. २०१८ पासून देशभर अनुदानित खत पॉस यंत्रावर आधार किंवा तत्सम ओळखपत्रावरून ओळख पटवूनच विकलं जातं. यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा एक पोत्यानं जरी चुकला, तरी तपासणीत दुकानदार अडकतो. नांगर-खुरप्यानं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर लवकर उमटत नाहीत. म्हातारे शेतकरी अंगठा धोतराला पुसून पुन्हा लावतात, मग तर्जनी, मग दुसरा हात. गर्दीच्या दिवसांत ही रांग तुंबते. म्हणून अण्णा मे महिन्यातच गावोगाव निरोप देतात, की युरिया आत्ताच नेऊन ठेवा.

युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांची, डीएपीची पन्नास किलोची १,३५० रुपयांची. हे भाव दुकानाबाहेरच्या फलकावर खडूनं लिहिलेले असतात, शेजारी शिल्लक साठा. या किमतींना खत मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. तरीही टंचाईच्या दिवसांत वरून ‘लिंकिंग’ येतं: युरिया हवा असेल तर सोबत नको असलेलं द्रवखत किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्या. हे बेकायदा आहे. त्याचा राग शेतकरी दुकानदारावर काढतो, कारण त्याला तोच एक चेहरा दिसतो.

याच पट्ट्यात पुरवठ्याचं दुसरं रूप पाहायचं तर होसकोट्याच्या बाजूच्या रोपवाटिकांत जावं. बंगळूर ही भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यांची जुनी राजधानी. मनमोहन अत्तावर यांनी १९६५ मध्ये इथं इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्स सुरू केली. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं पाने मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारा ‘अर्का रक्षक’ टोमॅटो काढला. टोमॅटोच्या ग्रॅमभर बियाण्यात तीनशेच्या आसपास बिया असतात आणि प्रत्येकीमागं हातानं केलेलं परागीभवन असतं. त्यामुळे हे बी कोणी वाफ्यात फेकत नाही. ते जातं अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये.

रोपवाटिकेत बायका कोकोपीट ट्रेमध्ये भरतात, बोटानं हलकासा खड्डा पाडतात, एका कप्प्यात एक बी. वरून कोकोपीटची पातळ चादर. भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाखाली झाकतात, आत ऊब आणि ओल टिकते. कोंब दिसू लागले की ट्रे सुटे करून शेडनेटखाली मांडतात. त्यात एक दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात, म्हणून मुकादम बाई रोज सकाळी कागद उचलून पाहतात. बाजूच्या जाळीची भोकं इतकी बारीक, की पांढरी माशीही आत शिरू नये. पंचवीस दिवसांत टोमॅटोचं रोप लावणीला तयार होतं. मिरची, वांग्याला पस्तीस-चाळीस दिवस.

पंचवीस दिवसांचं रोप फार दिवस थांबत नाही. मुळं कप्प्यात गुंतून बसतात आणि वयस्क रोप शेतात गेल्यावर मागं पडतं. शेतकऱ्याचा बोअर आटला, रान तयार झालं नाही, मजूर मिळाले नाहीत, तरी रोपाचं वय वाढतच असतं. म्हणून चांगली रोपवाटिका एका गिऱ्हाइकाची सगळी रोपं एकदम पेरत नाही. चार-पाच दिवसांच्या अंतरानं तुकड्या पाडते आणि एकाची लावण लांबली तर ती तुकडी दुसऱ्याला देते. अण्णांच्या हळव्या नाचणीच्या पिशव्या आणि रोपवाटिकेतल्या या तुकड्या यांमागचा विचार एकच आहे. पाऊस कधी येईल हे आपल्या हातात नाही. तो कधीही आला तरी शेतकऱ्याला पेरता आलं पाहिजे, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

हंगामपूर्व आढावा बैठकांत किती टन बियाणं, किती टन खत उपलब्ध, याचे आकडे मांडले जातात. ते हवेतच. पण कोणत्या होबळीत कोणत्या कालावधीचा वाण कोणत्या आठवड्यापर्यंत मिळेल, हेही विचारलं गेलं पाहिजे. न विकल्या गेलेल्या हळव्या वाणाचा तोटा आज एकटा छोटा दुकानदार सोसतो. तो साऱ्या गावाचा विमा असेल, तर त्याचा हप्ता सरकारनं उचलायला हवा. शिवाय बंगळूरचा विमानतळ इथं झाल्यापासून या भागात जमिनीचे भाव चढले, शेतांचे लेआउट झाले. देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीतल्या शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केलं, तेव्हा कुठं जुलै २०२५ मध्ये १,७७७ एकरांचं भूसंपादन मागं घेतलं गेलं. जमीन टिकवायला इतकं झगडलेल्या माणसाला पेरणीच्या दिवशी उगवणारं बी वेळेवर मिळणं, हे त्या लढ्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि त्याची सोय पाऊस पडल्यावर होत नाही. ती एप्रिल-मे महिन्यांत, गोदामात आणि ओल्या गोणपाटावर करावी लागते.