पीक भरघोस, तिजोरी ओढगस्तीत : मंदी आणि राज्यांचे अंदाजपत्रक

2020-21 या वर्षी महाराष्ट्राची अर्थव्यवस्था सुमारे 8 टक्क्यांनी आक्रसेल, असा अंदाज राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालाने वर्तविला होता. त्याच अहवालात कृषी व संलग्न क्षेत्राची वाढ मात्र 11.7 टक्के अपेक्षित धरली होती. उद्योग व सेवा ही दोन्ही क्षेत्रे घसरणीला लागली असताना शेतीने राज्याला सावरले, असे तेव्हा सर्वत्र म्हटले गेले, आणि ते खरेही होते. तरीही त्याच वर्षी विकासाच्या निधीला मोठी कात्री लागली. शेतशिवारात पीक उभे असताना शासनाचा हात आखडतो, याचे कारण राज्याच्या उत्पन्नाच्या घडणीत आहे.

राज्याला पैसा मिळतो तो प्रामुख्याने वस्तू व सेवा कराचा हिस्सा, पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, घर-जमिनीच्या खरेदीवरील मुद्रांक शुल्क आणि वाहन कर यांतून. हे सर्व कर लोकांच्या खरेदी-विक्रीवर आणि ये-जा करण्यावर अवलंबून आहेत. शेती उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांनाच दिला असला, तरी चहा-कॉफीसारख्या मळ्यांची काही राज्ये वगळता त्यातून नाव घेण्याजोगे उत्पन्न होत नाही. त्यामुळे चांगल्या हंगामाचा लाभ तिजोरीत थेट जमा होत नाही. शेतकऱ्याने त्या पैशातून ट्रॅक्टर, सिमेंट वा दुचाकी घेतली, म्हणजे तो आडवाटेने आणि उशिरा पोहोचतो.

टाळेबंदीने हे व्यवहार एका झटक्यात थांबविले. एप्रिल 2019 मध्ये देशभरात वस्तू व सेवा कराचे संकलन 1 लाख 13 हजार कोटी रुपयांहून अधिक होते. एप्रिल 2020 मध्ये ते जेमतेम 32 हजार कोटींवर आले. केंद्राचे उत्पन्न घटले की त्यातील राज्यांचा वाटाही आपोआप घटतो. 2020-21 साठी केंद्रीय करांतून राज्यांना 7 लाख 84 हजार कोटी रुपये मिळतील असे मूळ अंदाजपत्रकात धरले होते; सुधारित अंदाजात हा आकडा सुमारे 5 लाख 50 हजार कोटींवर उतरला. महाराष्ट्राच्या एकूण महसुली जमेचा अंदाजही सुमारे 3 लाख 47 हजार कोटींवरून 2 लाख 89 हजार कोटींवर आणावा लागला.

जमा घटली तरी खर्चाचा मोठा भाग जागचा हलत नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि जुन्या कर्जावरील व्याज ही देणी टाळता येत नाहीत. फार तर वेतनाचा एखादा हप्ता पुढे ढकलता येतो. मग कुऱ्हाड पडते ती जे पुढे ढकलले तरी त्या वर्षी कोणाला फारसे जाणवत नाही अशा खर्चावर : कालव्यांची कामे, ग्रामीण रस्ते, गोदामे, प्रयोगशाळा, रिक्त पदे. महाराष्ट्राच्या वित्त विभागाने 4 मे 2020 रोजी नेमके हेच केले. आरोग्य, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा मोजक्या अग्रक्रमाच्या बाबी वगळता विकासकामांसाठी तरतुदीच्या 33 टक्केच निधी उपलब्ध होईल, नव्या योजना व नवी कामे हाती घेऊ नयेत आणि नवी पदभरती करू नये, असे आदेश निघाले. कृषी संशोधनाला अशी कपात विशेष बाधते. नवे वाण सिद्ध व्हायला अनेक हंगामांच्या चाचण्या लागतात; मधला एक हंगाम वाया गेला, तर पुढल्या वर्षी दुप्पट निधी देऊनही तो परत मिळत नाही.

तुटीसाठी कर्ज काढावे, तर तेथेही राज्याचे हात बांधलेले असतात. केंद्राचे देणे बाकी असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी, राज्यघटनेच्या 293 व्या अनुच्छेदानुसार, केंद्राची संमती लागते. शिवाय कर्जाची नेहमीची मर्यादा सकल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्के. मंदीत हे उत्पन्नच आक्रसले की कर्जाची मुभाही रुपयांत घटते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच दोरी आखूड होते. त्या वर्षी ही मर्यादा 5 टक्क्यांपर्यंत वाढविली गेली, पण वाढीव भागापैकी अर्धा टक्काच विनाअट होता. उरलेल्यासाठी शिधापत्रिका, वीज वितरण, नागरी स्वराज्य संस्था आणि व्यवसायसुलभता यांतील सुधारणांची अट होती.

वस्तू व सेवा कर लागू करताना राज्यांना 5 वर्षे दरसाल 14 टक्के वाढीची हमी दिली होती. ती देण्यासाठीचा उपकरही खरेदीवरच अवलंबून असल्याने तोही आटला. ऑगस्ट 2020 मध्ये परिषदेपुढे 2 लाख 35 हजार कोटींच्या तुटीचा अंदाज मांडला गेला आणि केंद्र व राज्ये यांच्यात बराच वाद झाला. अखेर केंद्राने 1 लाख 10 हजार कोटी रुपये कर्जाऊ घेऊन राज्यांकडे वळते केले. महाराष्ट्राने आपल्या परीने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात 3 टक्क्यांनी उतरविले. कर कमी करून उलाढाल वाढविण्याचा हा मार्ग धाडसाचा होता, परंतु घरांचे रखडलेले व्यवहार त्यामुळे पुन्हा सुरू झाले.

अशा वर्षात घोषणा आणि तरतूद यांतील अंतर वाढते. नियमित कर्जफेड करणाऱ्या शेतकऱ्यांना 50 हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याची घोषणा मार्च 2020 च्या अंदाजपत्रकात, टाळेबंदीच्या काही दिवस आधी, झाली होती. ती रक्कम खात्यांत जमा होऊ लागली 2022 मध्ये. म्हणून एखाद्या कृषी योजनेचे भवितव्य पाहताना मूळ अंदाजाच्या रकान्यावर थांबू नये. शेजारी सुधारित अंदाज असतो, आणि दोन वर्षांनंतरच्या अंदाजपत्रकात त्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च छापला जातो. योजनेला खरोखर किती पैसा मिळाला, हे त्या शेवटच्या रकान्यात कळते.