'लातूर पॅटर्न'च्या जिल्ह्यात नाटक आणि नृत्य शिकायचं असेल तर?

लातूर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी 'लातूर पॅटर्न' आठवतो. दहावी झाली की लातूरला रूम, पहाटेपासून क्लास, नीट नाहीतर जेईई. निलंग्याहून लातूर साधारण ५० किलोमीटर. तालुक्यातली कितीतरी पोरं दरवर्षी हाच रस्ता धरतात. अशा घरात एखादी पोरगी म्हणाली, "मला नाटक आणि नृत्य शिकायचंय," तर घरचे आधी हसतात आणि मग विचारतात, "शिकायचंय म्हणजे काय? गॅदरिंगला नाचतेसच की."

प्रश्न तसा बिनतोड आहे. नाटक-नृत्याची डिग्री म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे कुणी नीट सांगतच नाही.

नाटक शिकणं म्हणजे फक्त अभिनय नाही. संहिता वाचायची कशी, नेपथ्य उभं कसं करायचं, कुठल्या प्रसंगाला कुठला दिवा, वेशभूषा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रयोगाचं व्यवस्थापन हे सगळं त्यात येतं. नृत्यात शरीराच्या तालमीसोबत ताल-लय, अभिनय, नृत्याचा इतिहास आणि शास्त्र. रंगमंचावर न दिसणारी कामं यात जास्त, आणि रोजगारही बऱ्याचदा तिथेच.

आता 'लिबरल आर्ट्स' हा शब्द. पुण्यात सिम्बायोसिस, फ्लेम अशा ठिकाणी तो सारखा ऐकू येतो. अर्थ सोपा आहे : एकाच विषयात अडकायचं नाही. मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला नाटक किंवा नृत्य, असं चालतं. गंमत म्हणजे जुन्या युरोपातल्या सात 'लिबरल आर्ट्स'मध्ये व्याकरण होतं, भूमिती होती, संगीतही होतं, पण नाटक आणि नृत्य नव्हतं. अमेरिकेत विद्यापीठात नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९२६ मध्ये विस्कॉन्सिनला सुरू झाला, तोही शारीरिक शिक्षणाच्या विभागातून. तो उभा करणाऱ्या मार्गारेट ह'डोब्लर मूळच्या जीवशास्त्राच्या पदवीधर आणि बास्केटबॉल शिकवणाऱ्या. म्हणजे तिकडेही नृत्य कॉलेजात शिरलं ते खेळाच्या दारातून.

अडचण फीची आहे. खासगी विद्यापीठात वर्षाला काही लाख लागतात, आणि पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. महाडीबीटीवरच्या सगळ्या शिष्यवृत्त्या तिथे लागू होतीलच असं नाही, हे अर्ज भरायच्या आधी तपासावं, नंतर नाही.

मग निलंग्यात काय? इथलं महाराष्ट्र महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य सरकारने २०२३ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला, आणि संलग्न कॉलेजांना तो २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात मुख्य विषयासोबत १८ ते २० क्रेडिटचा मायनर विषय आहे. शिवाय सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट आहेत. त्यात एनएसएस, एनसीसी, योगासोबत सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगजीवी कलाही बसतात. कागदावर बघितलं तर लिबरल आर्ट्सचीच कल्पना सरकारी फीमध्ये तालुक्याला आली.

पण कागद वेगळा आणि कॉलेज वेगळं. ज्या कॉलेजात नाट्यशास्त्राचा विभागच नाही, तिथे नाटक मायनर घेता येत नाही. उरतात ते सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. एवढ्या वेळात एखादी एकांकिका नीट बसते, पण ती बसवून घेणारा माणूस हवा. नाहीतर क्रेडिट मार्कशीटवर येतात आणि विद्यार्थी स्टेजवर येतच नाही.

सध्या खरी शाळा आहे ती युवक महोत्सव. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, लोकनृत्य, शास्त्रीय नृत्य, सगळं तिथे असतं. अनेकांच्या आयुष्यात पहिला खरा रंगमंच, पहिले दिवे आणि पहिला परीक्षक इथेच भेटतो. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी संघ नांदेड-लातूरकडे आहेतच. हे लोक तिकीटबारीवर बसायला, पडदा ओढायलाही पोरं शोधत असतात. तिथूनही सुरुवात होते.

याचा एक थेट फायदा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, म्हणजे एनएसडीला, प्रवेशासाठी नाटकाचीच पदवी लागत नाही. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाचं पत्रक, प्रमाणपत्र आणि फोटो जपून ठेवावेत. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे याच एनएसडीत शिकले आणि २०१३ मध्ये तिथले संचालक झाले. औरंगाबादेत पोरांनी उभी केलेली 'जिगीषा' मुंबईत गेली, आणि प्रशांत दळवी-चंद्रकांत कुलकर्णी जोडीचं 'चारचौघी' घरोघरी पोचलं. मराठवाड्यातून ही वाट आधीच पडलेली आहे.

पूर्णवेळ याच विषयात पदवी हवी असेल तर सार्वजनिक विद्यापीठांत पर्याय आहेत. नांदेडला विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल, छत्रपती संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग, पुण्याला १९८७ पासूनचं ललित कला केंद्र. पुण्याच्या केंद्रात नाटक, संगीत आणि कथक-भरतनाट्यम हे तिन्ही आहे.

नृत्याचं गणित मात्र नाटकापेक्षा कठीण, हे स्पष्ट सांगायला हवं. नाटक अठराव्या वर्षी सुरू केलं तरी चालतं. शास्त्रीय नृत्याला शरीर आधीपासून तयार लागतं, आणि प्रवेशाच्या प्रात्यक्षिकात ते लगेच दिसतं. ज्या पोरीने आठवी-नववीपासून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, मध्यमा अशा परीक्षा दिल्यात, तिची बाजू भक्कम. त्यासाठी निलंग्याच्या पोरीला गुरू शोधत लातूर गाठावं लागू शकतं, आणि आठवड्याला दोनदा एसटीने जाऊन-येऊन हे करायचं तर घरचं कुणीतरी सोबत उभं लागतं.

कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. कला क्रेडिट शिकवणारा माणूस कोण आहे? मागच्या वर्षी कॉलेजने महोत्सवात काय बसवलं? तालमीला हॉल संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो? आणि मुलींना शेवटच्या एसटीआधी सोडतात का? माहितीपत्रकात यातलं बहुधा काहीच नसतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कँटीनवर विचारलं की पाच मिनिटांत कळतं.