खांबापलीकडची वाळू

मी 34 वर्षं मिरजेतल्या एका रुग्णालयात परिचारिका होते. त्यातली बरीचशी सर्जिकल वॉर्डात गेली. स्पंजिंग, ड्रेसिंग, कॅथेटर, माणूस गेल्यावरची शेवटची पुसापुशी. उघडी शरीरं किती पाहिली याचा हिशेब नाही. पण गेल्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उभी असताना लक्षात आलं, की त्यातलं एकही शरीर सुखात नव्हतं. कुठे दुखत होतं म्हणून, शुद्ध नव्हती म्हणून, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते उघडं पडलं होतं. चारचौघांत निवांत बसलेलं म्हातारं उघडं शरीर मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

माझी भाची डॉर्सेट परगण्यात पूलला राहते. तीही नर्स. तिच्या शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. ऊन असलं की टोपी, थर्मास आणि मोठा टॉवेल घेऊन सकाळीच बाहेर पडायच्या. कुठे जातात म्हणून विचारलं, तर भाची म्हणाली, "स्टडलंडला. मावशी, तो कपड्यांशिवायचा किनारा आहे हं." दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना विचारलं, मी आले तर चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल की. कपडे काढायलाच हवेत असं नाही, फोन मात्र पिशवीत ठेवा.

पूल बंदराच्या तोंडाशी सँडबँक्स आहे. तिथून पलीकडे जायला तर आहे, पण ती वल्ह्यांवर चालत नाही. पाण्याखाली या तीरापासून त्या तीरापर्यंत साखळ्या टाकलेल्या आहेत, त्यांना धरून ती स्वतःला ओढत नेते. आमची बस प्रवाशांसकट तिच्यावर चढली आणि चार-पाच मिनिटांत पलीकडे उतरली. मग दक्षिणेकडे वाळूतून चालत निघालो. डावीकडे समुद्र, उजवीकडे वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागे जांभळ्या हेदरचं माळरान. ब्रिटनमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूळच्या सहाच जाती आहेत आणि त्या सहाही इथे सापडतात. त्यात अ‍ॅडर हा विषारी सापही आला, म्हणून बाईंनी मला गवतात पाय टाकू दिला नाही.

थोडं चालल्यावर लाकडी खांब आणि त्यावरची पाटी आली: इथून पुढे नॅचरिस्ट लोक दिसण्याची शक्यता आहे. कुंपण नाही, तिकीट नाही, पहारा नाही. हा सगळा किनारा नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बँक्स घराण्याच्या मृत्युपत्रानं तो ट्रस्टला मिळाला. त्यातला साधारण एक किलोमीटरचा पट्टा ट्रस्टनं नॅचरिस्टांसाठी राखला आहे. त्यांच्या बोलीत आपल्यासारखे कपडेवाले म्हणजे 'टेक्स्टाइल'. त्या दिवशी मी पंजाबी ड्रेसमधली टेक्स्टाइल होते, आणि माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कायद्याचं मला कुतूहल होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये नुसतं उघडं असणं हा गुन्हा नाही. 2003 च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यातलं कलम 66 हेतू बघतं. आपलं गुप्तांग कुणाला तरी दिसावं आणि त्यानं तो माणूस घाबरावा किंवा त्रासावा, असा हेतू असेल तरच गुन्हा होतो. मला ही कसोटी पटली. वॉर्डात आम्हीही तेच शिकलो होतो: शरीर तेच असतं, हात कशासाठी लावलाय यावर सगळं ठरतं. सगळेच नीट वागतात असं मात्र नाही. टेकड्यांच्या आडोशाला काही जण नको ते प्रकार करतात, तक्रारी होतात आणि पोलिसांना गस्त घालावी लागते. बाई त्याबद्दल फार रागानं बोलल्या. अशा माणसांमुळे आमचा किनारा जाईल, ही त्यांची खरी भीती आहे.

आणि हे फार नवं खूळ आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज पुरुष समुद्रात सर्रास कपड्यांविना उतरत. पुढे गावोगावच्या नियमांनी चड्डी सक्तीची केली. फ्रान्सिस किल्व्हर्ट या पाद्र्यानं 1870 च्या दशकातल्या आपल्या रोजनिशीत त्या चड्डीबद्दल चांगलीच कुरकूर केली आहे. परत वळायला शंभर वर्षं गेली. 1980 मध्ये ब्रायटनसारख्या मोठ्या शहरानं आपल्या गोट्यांच्या किनाऱ्याचा एक तुकडा नॅचरिस्टांना दिला. त्यासाठी आयलीन जेक्स या नगरसेविकेनं बराच विरोध अंगावर घेतला होता.

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आधुनिक अर्थानं पहिली नॅचरिस्ट संस्था म्हणून जिची नोंद आहे, ती इंग्लंडात नाही, आपल्या माथेरानला निघाली. साल 1891. चार्ल्स क्रॉफर्ड हा मुंबई इलाख्यातला जिल्हा न्यायाधीश, विधुर माणूस. त्यानं 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली. सभासद तीन: तो स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली आणि संस्था मोडली. 1894 मध्ये तो वारला. दिवसभर कोर्टात झगा घालून बसणारा तो एकटा माणूस माथेरानच्या झाडीत काय शोधत असेल, हे त्या वाळूत बसून मला थोडंसं उमगलं.

उघडं शरीर आपल्याला परकं नाही. नाशिकच्या कुंभात नागा साधू येतात. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात दिगंबर मुनींचा विहार असला की बाया-माणसं रस्त्यावर येऊन पाया पडतात. लहानपणी आईचा हात धरून मीही पडले आहे. पण तिथे सगळं सोडलेलं असतं, घर, अन्नाची चव, नाव. स्टडलंडला कुणी काही सोडलेलं नव्हतं. लोक सँडविच खात होते, शब्दकोडी सोडवत होते, एकमेकांच्या पाठीला क्रीम लावत होते. प्रत्येकजण आपल्या टॉवेलवर बसलेला, कारण तो तिथला शिष्टाचार आहे. माझी नजर मात्र नर्सचीच. गुडघ्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया, बायपासची छातीवरची रेघ, एका बाईचा एका बाजूचा स्तन काढलेला. प्रत्येक खुणेमागचा वॉर्ड मला दिसत होता. त्या खुणा ऊन खात होत्या.

मग पाण्याकडे निघालेले एक आजोबा दिसले. पोटाच्या डाव्या बाजूला कोलोस्टॉमीची, म्हणजे मल साठवायची, पिशवी. ते सरळ लाटांत शिरले आणि हात मारत लांब गेले. मी उठून उभी राहिले. आतड्याच्या कॅन्सरनंतर अशी पिशवी लागलेल्या किती पेशंटना मी ती बदलायला शिकवलं असेल! कडेची कातडी कोरडी कशी करायची, चकती कशी दाबायची, सगळं सांगितलं. पोहता येईल, हे एकालाही सांगितलं नाही. माझ्याच मनात आलं नव्हतं. बाहेर आल्यावर बाईंनी त्यांच्याशी ओळख करून दिली. मी नर्स आहे म्हटल्यावर ते खुलून बोलले. पाण्यात शिरण्याआधी पिशवी रिकामी करायची, दोन तास जड खायचं नाही, चकतीच्या कडेनं वॉटरप्रूफ पट्टी लावायची. दहा वर्षं पोहतोय म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले, सकाळी आठलाच. त्या दिवशी मी कपडे काढले. 1988 च्या सिझेरियनची बेंबीखालची उभी, ओबडधोबड रेघ डॉक्टर आणि दाई सोडून कुणी पाहिली नव्हती. नवऱ्यासमोरही मी दिवा मालवत असे. पाणी इतकं गार, की मांड्या सुन्न झाल्या. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मी ती रेघ बोटांनी चाचपली, पेशंटची चाचपावी तशी. बाई किनाऱ्यावर थर्मास उघडत होत्या.

मिरजेला आल्यावर मी जुनी वही काढली. जत तालुक्यातले एक मास्तर, ऑपरेशनला सहा वर्षं झालेली. जवान असताना विहिरीत मुलांना पोहायला शिकवायचे. पिशवी लागल्यापासून लग्नाकार्यालाही जात नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं होतं. फोन त्यांनीच उचलला. मी विचारलं, "मास्तर, विहिरीला पाणी आहे का हो?"

"आहे की, सिस्टर. काठोकाठ आहे."

मग मी त्या आजोबांचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. शेवटी मास्तरांनी हळूच विचारलं, "पण पाण्यात ती सुटत नाही का?"

मी खुर्ची ओढली, बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.